हळदीचा डबा आणि पॅराशूटचा खटका

"अगं, हळद कुठंय?" यांनी स्वयंपाकघरातून आजही विचारलं, आणि पाठोपाठ करपलेल्या फोडणीचा वास आला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बहारीनमध्ये गाड्यांच्या शर्यतीच्या पट्टीवर जळक्या टायरांचा असाच वास भरला होता.

सरळ पट्टीवर गाडी सुसाट सोडायची, तर यांच्यासारख्या नवख्या ड्रायव्हरला आधी परीक्षा द्यावी लागे. डोळे बांधून गाडीत बसायचं आणि सांगितलेला खटका नुसत्या हातानं शोधायचा: गाडी थांबवणारं मागचं पॅराशूट उघडायचा, आग विझवायचा, इंधन तोडायचा. उद्या धुरात काही दिसलं नाही, तरी जीव वाचला पाहिजे. यांचे डोळे मी माझ्याच ओढणीनं बांधले.

"पॅराशूट," बहारीनी परीक्षक म्हणाला. यांचा हात थेट खटक्यावर गेला. "फायर." तोही सापडला. "फ्युएल." तोही. "खलास, पास," तो म्हणाला. त्यांच्या अरबीत खलास म्हणजे झालं, संपलं. मी तिथंच रडले.

आता त्या रडण्याचाच राग येतो. हळदीचा डबा यांच्या नाकासमोर होता. इतकी वर्षं मी समजत होते, माणूस वेंधळा आहे. वेंधळा कसला? त्या गाडीत सीटच एक होती. विचारायला शेजारी मी नव्हते.