राष्ट्राध्यक्ष उतरले, होडी चढली

पूनमला राष्ट्राध्यक्षांचा कान अखेर जमला, आणि त्याच आठवड्यात ते निवडणूक हरले.

तळवड्यातल्या सोपानरावांच्या टूलरूममध्ये पूनम पदकं-नाणी पाडायचे पोलादी ठसे कोरते. मूळची औशाची. वडील ज्योतीराम इथल्या पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये लागले म्हणून सगळं बिऱ्हाड दिघीला आलं. आयटीआय झाल्यावर शाळांची पदकं, गणेश मंडळांची सन्मानचिन्हं करत तिचा हात बसला. आता ती कॉम्प्युटरवर आकृती उभी करते, मशीन ती पोलादात उतरवतं. पण शेवटचा हात भिंगाखाली तिचाच. नुसत्या मशीनने कोरलेला माणूस झोपेत असल्यासारखा दिसतो, असं तिचं म्हणणं.

ते काम होतं दूरच्या समुद्रातल्या एका छोट्या देशाचं. सगळी बेटंच. त्यांना स्वतःची टांकसाळ नाही. नाणी परदेशातल्या एका खासगी टांकसाळीत पडतात, आणि त्या टांकसाळीने ठशांचं काम सोपानरावांकडे दिलेलं. एका बाजूला नारळाची झावळी आणि आकडा, दुसऱ्या बाजूला राष्ट्राध्यक्ष. पाव शतक तेच खुर्चीत आणि तेच नाण्यावर. नमुन्याला आलेली जुनी नाणी ओळीने मांडल्यावर पूनमच्या लक्षात आलं, दर खेपेला साहेबांचं वय कमीच होत गेलंय.

काम थांबवा, असा मेल आला तेव्हा सोपानराव तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"पोरी, तुझा गडी पडला न्हवं का!"

"पडू द्या की काका. नाणी तर त्यांना लागणारच."

"व्हय, पर आता मुंडकं कुणाचं लावायचं?"

कुणाचंच नको, असं नव्या सरकारने कळवलं. जिवंत माणसाचा चेहरा यापुढे नाण्यावर यायचा नाही. जुना ठसा मोडून टाका. कुणी चोरून त्यावर नाणं पाडू नये म्हणून तसा नियमच असतो. सोपानराव म्हणाले, "दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"नको. मी कोरलाय, मीच मोडते."

तिने चष्मा चढवला आणि ग्राइंडरने चेहऱ्यावर आडवी-उभी फुली मारली. ठिणग्या उडाल्या. त्या गृहस्थाचं तिला काही वाटलं नाही. कानाच्या पाळीवरून चाक गेलं तेव्हा मात्र तिने ओठ घट्ट मिटले. मग हात धुतले आणि डबा खायला गेली.

खरी पंचाईत पुढेच होती. नवं सरकार तीन पक्षांचं. एकाला नाण्यावर पक्षी हवा, दुसऱ्याला मासा, तिसऱ्याला होडी. दर आठवड्याला नवं चित्र येई. शेवटी आलं त्यात पक्षी, मासा, होडी तिन्ही होती, वर घोषणाही. परदेशी गिऱ्हाइकं सांभाळणारा सोपानरावांचा पुतण्या निरंजन म्हणाला, "जसं आलंय तसं कोरून देऊन टाक ना, पूनमताई. आपलं काय जातंय?"

"उद्या ते गिचमिड निघालं की ठसा कुणी केला, हेच विचारतील. कॉल लाव."

स्क्रीनवर त्यांच्या अर्थखात्याच्या एक अधिकारी बाई आल्या. इंग्रजी पूनमला कामापुरतं येतं. तिने ते चित्र नाण्याच्या मापात छापून कॅमेऱ्यासमोर धरलं.

"मॅडम, काय दिसतंय?"

बाई पुढे वाकल्या. "डाग," म्हणाल्या, आणि हसूच लागल्या.

"एवढ्या जागेत एकच गोष्ट नीट उठते. कोणती, ते तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगा, हे नाणं सगळ्यात जास्त कुठं फिरतं?"

"मासळीबाजारात." बाईंनी समोरच्या कागदावरचा पक्षी आणि मासा खोडला. "मग होडीच. आमच्याकडे तिन्ही पक्षांची माणसं होडीतच बसून येतात. मंत्र्यांना मी हेच सांगते."

त्यांनी सांगितलं आणि मंत्र्यांना ते पटलंही. पूनमने होड्यांचे फोटो मागवले, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, कशी वळते, दोर कुठे बांधतात हे विचारून घेतलं. समुद्र तिने एकदाच पाहिलेला, अलिबागला. पण होडी अशी उतरली की नाळेखालचं पाणी दुभंगल्यासारखं वाटावं. झावळीच्या बाजूला कुणाचीच हरकत नव्हती, ती तशीच राहिली. त्यांच्या राष्ट्रीय दिनाआधी ठसे रवाना झाले.

काही महिन्यांनी त्या बाईंनी फोटो पाठवला. कोळणीच्या ओल्या तळहातावर दोन नाणी, एक राष्ट्राध्यक्षांचं, एक होडीचं. जुनी झिजेपर्यंत दोन्ही चालणार होती. पूनमने फोटो मोठा करून पाहिला.

"दोर छान उठलाय," ती म्हणाली.

सोपानराव खुशीत होते. "त्या टांकसाळीनं आनखी एका देशाचं काम धाडलंय. पर तिथंबी इलेक्शन हाय म्हनं. घ्यायचं का?"

"घ्या की काका. आकड्याची बाजू आधी करते. चेहऱ्याचं निकाल लागल्यावर बघू."