न दिलेले पास

सात वर्षं मी नाशकात, द्वारका चौकाजवळ एका टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर बसून स्कॉटलंडचं फुटबॉल बघितलं. हौस म्हणून नाही, पगारासाठी. हे ऐकलं की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "म्हणजे नेमकं करता काय?" नात्यातल्या एका मावशींची तर ठाम समजूत होती की मी क्रीडा खात्यात कारकून आहे. शेवटी शेवटी मीही हो म्हणून मोकळी व्हायचे.

काम सांगायला सोपं होतं. शनिवारी तिकडे सामने व्हायचे, त्यांचं रेकॉर्डिंग रविवारी आमच्याकडे यायचं. सोमवारी सकाळी हेडफोन चढवून बसायचं आणि चेंडूला ज्याचा ज्याचा पाय लागेल त्याची नोंद करायची. पास दिला तर एक बटण. नुसताच लाथाडला तर दुसरं. हेडर, थ्रो, फाऊल, प्रत्येकाचं बटण वेगळं. दीड तासाचा सामना नोंदवायला अख्खा दिवस जायचा. हे आकडे परदेशातली एक कंपनी क्लबांना आणि वर्तमानपत्रांना विकायची. इंग्लंड, स्पेनचे सामने पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या ऑफिसांना मिळत. आमच्या वाट्याला स्कॉटलंडच्या खालच्या डिव्हिजन आल्या. पंक्तीत शेवटी बसलेल्याच्या पानात जे पडतं, ते.

पण माणसाचं मन कुठे अडकेल सांगता येत नाही. समुद्राकाठच्या एका लहान गावाचा क्लब होता. त्याचं नाव आमच्या ऑफिसात तिघे तीन तऱ्हांनी उच्चारायचे. त्या क्लबात माझा जीव अडकला. तिथे बारा महिने वारा. गोलकीपरने मारलेला चेंडू वर जायचा, वाऱ्यात थबकायचा आणि परत त्याच्याच अंगावर यायचा. पहिल्या वर्षी मला त्याचं हसू आलं. सातव्या वर्षी रडू यायला लागलं.

कारण तो खेळ माझ्या डोळ्यांदेखत खालावत गेला. मी लागले तेव्हा समोरचा स्टँड माणसांनी भरलेला दिसायचा. कॅमेरा एकाच जागी असल्यामुळे सात वर्षं मला तोच स्टँड दिसला. खुर्च्या दोन रंगांच्या आहेत हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. त्या दोन रंगांतून अक्षरं काढलीत हे चौथ्या वर्षी. सहाव्या वर्षी क्लबचं अख्खं नाव वाचता आलं, कारण ते झाकायला माणसंच उरली नव्हती. जरा बरा खेळणारा मुलगा दिसला की मी त्याच्यावर नजर ठेवायचे, आणि सहा महिन्यांत तो इंग्लंडला गेलेला असायचा. उरायचे ते आठवडाभर नळजोडणी नाहीतर ड्रायव्हरकी करून शनिवारी बूट चढवणारे. मग काय, याने आभाळात मारायचा, त्याने डोक्याने परतवायचा, तिसऱ्याने बाहेर घालवायचा. "अरे खाली ठेव ना चेंडू, मेल्या!" मी हेडफोन लावून ओरडायचे. खालच्या टायरवाल्याला वाटायचं, वर रोज भांडणं होतात.

पाचव्या वर्षी गुरुजी आले. नांदगावचे, पन्नाशीचे. एका शाळेत कंत्राटावर पीटी शिकवायचे, ते कंत्राट संपलं होतं. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या सामन्यांना रेफरी म्हणून त्यांनी वीस-बावीस वर्षं शिट्टी फुंकली होती. रोज पहाटेच्या गाडीने यायचे, डबा टेबलाखाली ठेवायचे आणि पडद्याकडे असे बघायचे की जणू खरोखर मैदानात उभे आहेत. त्यांना मी ताई आणि मला ते गुरुजी, जरी ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे होते आणि कामात मी त्यांची सीनियर होते.

एकदा डबा खाताना ते म्हणाले, "ताई, तुमाला ठाऊक हाय का? पहिल्यांदी जो तो चेंडू घेऊन एकटाच पळायचा. एकमेकाला पास द्यायचा खेळ जगाला ह्याच लोकांनी शिकवला. स्कॉटलंडवाल्यांनी. आमाला कॉलेजात शिकवलं व्हतं."

"आणि आता बघा," मी म्हणाले.

"आता काय, दमली मान्सं," ते म्हणाले आणि मला शेंगदाण्याची चटणी वाढली.

आमच्याकडे पद्धत अशी होती की एकच सामना दोघांनी वेगवेगळा नोंदवायचा. मशीन दोन्ही नोंदी ताडून बघायचं. फरक आला तर जुन्या माणसाची नोंद खरी धरायची आणि नव्याचे अचूकतेचे गुण कापायचे. तिसऱ्याला बसवून तपासायला कोणाला वेळ होता? पहिली दोन वर्षं गुरुजींची आणि माझी नोंद इतकी जुळायची की ऑफिसात आमच्या जोडीचं उदाहरण देत.

मग एका सोमवारी सरांनी मीटिंग घेतली. सर आमचे मॅनेजर, माझ्यापेक्षा लहान, वाईट माणूस नव्हे. म्हणाले, "क्लायंट लीगची लिस्ट छोटी करतोय. ह्या लेव्हलच्या डेटाला गिऱ्हाईक नाही. ग्राउंडवर लोक नाहीत, खेळात दम नाही. एका मॅचमध्ये धड पाससुद्धा होत नाहीत. सीझन संपला की ठरेल." लीग गेली तर आमचं टेबलही जाणार होतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी चाळीस ओलांडलेली. स्कॉटलंडच्या तिसऱ्या डिव्हिजनमधला कुठला डिफेंडर डाव्या पायाने कच्चा आहे हे तोंडपाठ असणाऱ्या बाईला नाशकात कोण नोकरी देणार होतं? आणि खरं सांगायचं तर नुसती नोकरी नव्हती. तो क्लब माझ्या यादीतून पुसला जाणार, त्या गावातला शनिवार मला पुन्हा दिसणार नाही, हे मला सहन होत नव्हतं. घरात कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

सरांचं एक वाक्य डोक्यात राहिलं. पास होत नाहीत. पास मोजणारी तर मीच होते.

पुढच्याच सामन्यात आमच्या डिफेंडरने डोळे मिटून चेंडू भिरकावला. वाऱ्याने तो आमच्याच एका खेळाडूच्या पाठीवर नेऊन आदळला. मी पासचं बटण दाबलं. लांब पास, यशस्वी. काहीच झालं नाही. चहा आला, मी प्यायले. त्या दिवशी असे चार पास मी दिले, पुढच्या आठवड्यात नऊ की दहा. मनाची समजूत घालायचे की देण्याचा इरादा तर असेल बिचाऱ्याचा. महिन्याभरात माझा क्लब कागदावर बरा खेळायला लागला. मग एकट्या माझ्या क्लबचं सुधारणं बरं दिसेना, म्हणून मी सगळ्या डिव्हिजनला हात दिला.

आणि गुरुजींची नोंद माझ्याशी जुळेनाशी झाली.

"ताई, हा पास कसा?" पहिल्यांदा त्यांनी खुर्ची सरकवत विचारलं.

"लांब पास आहे गुरुजी. बघा ना, त्या सातनंबरसाठीच होता."

त्यांनी तो तुकडा मागे घेतला, पुन्हा बघितला, पुन्हा मागे घेतला. "सातनंबरनं तर मान बी वळवली नाय," ते हळूच म्हणाले. मी नाकावर राग घेऊन माझ्या पडद्याकडे वळले. पुढे त्यांनी विचारणं सोडलं. एकेक तुकडा पाच-पाच वेळा बघायला लागले, चेहरा पडद्याला चिकटवून. त्यांचा दिवस लांबायला लागला, परतीची गाडी चुकायला लागली.

एका सोमवारी ते आलेच नाहीत. मंगळवारी आले ते नव्या चष्म्याने. मनमाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते.

"काय म्हणाला डॉक्टर?" मी विचारलं.

"म्हनतो, नंबर तेवढाच हाय. डोळे चांगले हाय. मी म्हनलो, मग मला पास का दिसंना? त्याला काय कळतंय ताई खेळातलं? तुमी रोज बघता. तुमाला दिसतंय ते मला दिसत नाय, म्हंजे कायतरी गेलंय ना माझं." आणि हसले. बावीस वर्षं ज्या नजरेवर गावोगावच्या पोरांनी विश्वास ठेवला, तिच्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास उरला नव्हता. तो मी काढून घेतला होता. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मला माझी लाज वाटली, आणि तरी मी हेडफोन चढवला आणि कामाला लागले. त्या दिवशीही मी सहा पास दिले.

महिनाअखेरीस सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "गुरुजींचं काय करायचं? अचूकता खालीच चाललीय. तुम्ही शेजारी बसता. तुम्हाला काय वाटतं?"

नीट विचारलं होतं हो त्यांनी. दार लावलेलं होतं, घाई नव्हती. मी म्हणाले, "वय झालं, सर. नजर राहत नाही."

गुरुजींनी शुक्रवारी टेबल आवरलं. जाताना माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "तुमी लय सांभाळून घेतलं, ताई." मला धड वर बघवेना.

सीझन संपला तेव्हा परदेशातून दोन ओळींची मेल आली. सामने बघणारे लोक किती, एवढ्यावरच निर्णय झाला होता. पासांचा त्यात उल्लेखही नव्हता. स्कॉटलंडच्या खालच्या डिव्हिजन बंद झाल्या, आमचं टेबल गेलं, मी घरी बसले. घरी बसल्यावर शनिवार आला की जीव कासावीस व्हायचा आणि क्लबच्या आधी गुरुजी डोळ्यांसमोर यायचे. दीड महिना मी फोन हातात घेऊन खाली ठेवत होते. मग एका सकाळी लावला.

"ताई! बोला, बोला. स्कॉटलंड काय म्हनतंय?"

"बंद झालं, गुरुजी."

"आरारा," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी विचारलं, तालुक्याचे सामने सुरू असतील ना, शिट्टी तुमच्याकडेच असेल?

"नाय वो. बोलवायला आलती मान्सं, मीच नाय म्हनलो. चेंडू लाइनीच्या आत का भाईर हेच दिसलं नाय तर? पोरांचा खेळ हाय, एखाद्याचं वाटोळं व्हायचं. गाडी बी चालवून देत नाय घरचे. कुठं जायचं तर लेकाच्या मागं बसून जातो."

तेव्हा मी सांगितलं. एका दमात, मध्ये श्वासही न घेता. पास नव्हते, मी देत होते, लीग वाचावी म्हणून. सरांना नजरेचं मीच सांगितलं.

"समदे?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

"म्हंजे मला दिसत व्हतं."

"हो गुरुजी. तुम्हाला दिसत होतं."

त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होते. चार घातल्या असत्या तर मी हलकी झाले असते. ते म्हणाले, "ताई, एक काम करा. हे हिला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटंल, मनाचं सांगतोय. तुमी सांगा, तुमचं ऐकंल ती." आणि माझं काही ऐकायच्या आत त्यांनी बायकोला हाक मारली. त्यांच्या आवाजात इतकी घाई मी कधी ऐकली नव्हती.

"हां ताई, बोला," त्यांच्या बायकोचा आवाज आला. हातातलं काम टाकून आल्या असाव्यात, धाप लागली होती. "डोळ्यांचं काय म्हनत्यात हे?"

"काही नाही," मी म्हणाले, "तब्येत विचारायला फोन केला होता." आणि फोन ठेवला.