कोऱ्या चिठ्ठीवरची सही

डॅलसच्या एका टोकाला, टायरच्या दुकानामागे, आमचं स्पॅनिश टीव्ही स्टेशन होतं. तीन खोल्या, एक स्टुडिओ आणि एक मनोरा. ताकद एवढीच, की शेजारच्या फ्रिस्को गावी माझ्या मुलाच्या घरी चित्र मुंग्यांसकट यायचं. मुंबईत सरकारी प्रसारण केंद्रातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त होऊन २००१ मध्ये मी मुलाकडे आलो होतो. दिवसभर घरात बसून करायचं काय, म्हणून स्टेशनच्या टेपखान्यात लागलो. स्पॅनिश येत नाही असं मी आधीच सांगितलं, तर मॅनेजर म्हणाला, "कॅसेटला कुठे येतं?"

सकाळी सहाला प्रार्थना असे. दहाला वाढदिवस. प्रेक्षक पोराबाळांचे फोटो पोस्टाने पाठवत आणि आमच्या निवेदिका बाई एकेक फोटो कॅमेऱ्यासमोर धरून नाव, वय, आईबापाचं गाव वाचत. दुपारी एक वकील व्हिसाच्या प्रश्नांना फोनवर उत्तरं देई. रविवारी मैदानातला फुटबॉल, तोही एकाच कॅमेऱ्याने, त्यामुळे निम्मे गोल कुणालाच दिसत नसत. रस्त्यावर बर्फ गोठला की बंद शाळांची यादी तासन्‌तास फिरे. माझं स्पॅनिश त्या वाढदिवसांवर पोसलेलं. आजही मला आकडे आणि नाती चोख येतात, बाकी सगळा आनंद आहे.

टेपखान्यात माझ्या जोडीला एल साल्वादोरचा एक माणूस होता. माझ्याच वयाचा, जाड मिशांचा. आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचो आणि मी त्याला भाऊ म्हणायचो. अर्थ विचारल्यावर सांगितला, तर तो शब्द त्याला इतका आवडला की तो स्टुडिओत सगळ्यांनाच भाऊ म्हणू लागला, अगदी बाईंनासुद्धा. माझी गाडी बंद पडली तेव्हा तीन आठवडे त्याने मला घरी सोडलं. माझी बायको डब्यात त्याच्यासाठी दोन थालीपीठं जास्तीची घालायची. एखाद्या दिवशी थालीपीठं नसली, की तो डबा हलवून बघायचा आणि म्हणायचा, "वहिनी रागावली का भाऊवर?"

कॅसेटा पुन्हा पुन्हा वापरल्या जात. जुनी पुसायची तर गुलाबी चिठ्ठीवर दोघांच्या सह्या लागत, असा नियम होता. शनिवारी भाऊची सुट्टी. त्याच्यावाचून माझं अडू नये म्हणून तो दर शुक्रवारी दहा कोऱ्या चिठ्ठ्यांवर सही करून ठेवायचा. विश्वास म्हणजे काय, तर ते.

२००४ च्या गणेशोत्सवात फ्रिस्कोच्या मराठी मंडळाच्या मुलांनी नाटुकलं बसवलं. माझी नात उंदीर होती. मॅनेजरने रविवार सकाळचा तास आम्हाला दिला. मुलाने शूटिंग करून आणलं, पण शनिवारी ते उतरवायला रिकामी कॅसेट मिळेना. मांडणीत स्टेशनच्या पहिल्या वर्षाची एक होती. बाईंची आई मेक्सिकोहून एकदाच आली होती आणि स्टुडिओत बसली होती, त्या दिवसाची. कॅसेट कसली आहे हे मला पक्कं माहीत होतं. तीन वर्षांत कुणी मागितली नाही, आता कोण मागतंय, असं मी मनाशी म्हटलं. भाऊची एक चिठ्ठी घेतली, तारीख घातली. माझी सही करायला पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. विसरलो असं आजवर स्वतःलाही सांगत आलो. विसरलो नव्हतो.

रविवारी फ्रिस्कोभर फोन वाजले. "काका, मुंग्या होत्या पण दिसलो आम्ही," असं पोरं सांगत होती. ती कॅसेट मी कौतुकाने घरी नेली.

२००८ मध्ये स्टेशन विकलं गेलं. निरोपाच्या कार्यक्रमात बाईंना ती आईची कॅसेट दाखवायची होती. आई त्याच हिवाळ्यात वारली होती. कॅसेट नव्हती, फायलीत चिठ्ठी होती. भाऊने चिठ्ठी हातात धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "सही माझी आहे. म्हणजे मीच असणार." टोपी काढून तो बाईंसमोर उभा राहिला. बाईंनी तोंड फिरवलं. मी दोन हातांवर केबल गुंडाळत होतो आणि ती गुंडाळत राहिलो. मॅनेजरने शेवटच्या दिवशी स्टेशनच्या इतिहासाची छोटी पुस्तिका वाटली. तिच्यात एक ओळ आहे: पहिल्या वर्षाचं मोलाचं चित्रण टेपखान्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या बेपर्वाईने पुसलं गेलं. तो कर्मचारी कोण, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्या डिसेंबरात नातीने उंदीर बघायचा हट्ट धरला. अध्यक्षांचं भाषण धरून मंडळाचा कार्यक्रम पन्नास मिनिटांत संपतो, आणि कॅसेट तासाची. बंद करायला कुणी उठलं नाही. पडदा थरथरला आणि बाईंची आई दिसली. लेकीचा घसा बसलेला, म्हणून चष्मा सावरत वाढदिवस तीच वाचत होती. मध्येच लेकीला म्हणाली, "पाठ सरळ ठेव, लोक बघतायत."

"अहो, ह्या कोण?" बायकोने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं.

"मग उद्याच देऊन या. आणि खरं सांगा."

दिली. पण म्हणालो, "जुन्या खोक्यात सापडली." बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "त्यालाही मी माफ केलंय, सांग." मी तो निरोप भाऊला पोचवला. माझ्या चुकीची माफी मी त्याला नेऊन दिली.

हे लिहायला बसण्याआधी, इतक्या वर्षांनी, भाऊला फोन लावला. तो लेकीकडे असतो, गुडघे गेलेत. सगळं सांगितलं.

"चिठ्ठीवर शनिवार होता," तो म्हणाला. "शनिवारी मी असायचो का कधी?"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू शेजारीच उभा होतास. म्हटलं, भाऊ बोलेल आता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून तोच म्हणाला, "वहिनी बरी आहे ना? आणि बाईंना तू सांग. मी नाही सांगणार."

बाईंना काल सांगितलं. त्यांनी माझ्याबद्दल काहीच न बोलता भाऊचा नंबर मागितला. मी एकेक आकडा सावकाश सांगितला, स्पॅनिशमध्ये.