न वाचता केलेली सही

बुलढाण्यातल्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. विद्यार्थ्यांसाठी मी जीव टाकतो, असं माझं स्वतःबद्दलचं मत आहे. निरोप समारंभाच्या भाषणात दरवर्षी मी ते जाहीरही करतो, आणि आजवर कुणी हरकत घेतली नव्हती.

आमच्या विभागात शिफारसपत्रांची एक जुनी पद्धत आहे. पुढच्या शिक्षणाला निघालेलं पोर पत्र मागायला आलं की आम्ही म्हणतो, तूच लिहून आण, मी सही करतो. यातून विद्यार्थ्यांना लिहायची सवय लागते, असं आम्ही चहा पिताना एकमेकांना पटवून देतो. बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं तर एक पत्र कॉम्प्युटरवर तयारच ठेवलंय, फक्त नाव बदलायचं. तेच पत्र वापरल्यामुळे मागे एका दणकट कबड्डीपटूला रांगोळीत निपुण ठरवणाऱ्या कागदावर मी सही केली होती. त्याला प्रवेश मिळाला, म्हणून ती गोष्ट आम्ही हसण्यावारी नेली.

दोनेक वर्षांपूर्वी, परीक्षा संपता संपता, तिसऱ्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. पुण्याच्या एका संस्थेत तिला एम.एस्सी. करायचं होतं. मार्क पुरेसे होते, पण शिकवणाऱ्या सरांचं पत्र बंद पाकिटातून जायला हवं होतं. घरच्यांनी या एकाच ठिकाणी अर्ज करू दिला होता. झालं तर शीक, नाहीतर स्थळ बघू, असं ठरलेलं. हे सगळं तिनं खाली बघत सांगितलं. मी तिला नाव विचारलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. दोन दिवसांनी तिनं टाइप केलेला कागद आणला, मी एका हातात कप धरून दुसऱ्या हातानं सही केली, शिक्का मारला, पाकीट चिकटवलं आणि वर आशीर्वादही दिला.

महिनाभरानं त्या संस्थेतून एका मॅडमचा फोन आला. अमुक विद्यार्थिनीचं पत्र तुम्हीच लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. माझ्यासमोर दोन सहकारी बसले होते, त्यामुळे माझा आवाज जरा चढला.

"अर्थात. अक्षर न् अक्षर माझं आहे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी असली कामं दुसऱ्यावर टाकत नाही."

"मग वाचून दाखवते," त्या म्हणाल्या, आणि शांतपणे वाचू लागल्या.

"सदर विद्यार्थिनी तीन वर्षं माझ्या वर्गात आहे. ती भिंतीकडच्या बाकावर बसते. तिचं नाव मला परवा विचारावं लागलं. ती फार हुशार नाही, इंग्रजी कच्चं आहे. प्रॅक्टिकल तिनं एकदाही चुकवलं नाही. दुसऱ्या वर्षी तिनं मला एक प्रश्न विचारला होता. मी नंतर सांगतो म्हणालो होतो. ते राहून गेलं, कारण मला कामं फार असतात."

माझ्या कपातल्या चहावर साय धरली होती, तिच्याकडे मी बघत राहिलो. मॅडमनी विचारलं, तो प्रश्न कोणता होता? मला आठवेना. प्रश्नच काय, ती मुलगी कधी बोलल्याचंही आठवेना. शुक्रवारी यादी लागणार होती आणि अशा पत्रावर समिती तिला घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी उद्या फोन करतो म्हणालो आणि चक्क पळ काढला.

सहकाऱ्यांनी लगेच तोडगा काढला. झेरॉक्सवाल्याची चूक म्हणा आणि दुसरं पत्र पाठवा. मला तो पटलाही होता. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा तिच्या प्रवेशापेक्षा माझ्या अब्रूची काळजी जास्त होती. आणि तिचा रागही आला होता. म्हणून तिला बोलावून घेतलं तेव्हा मी रागावूनच विचारलं, झेरॉक्सच्या दुकानात तयार पत्र होतं, ते का नाही वापरलं?

"त्याच्यात खोटं लिहेल होतं सर," ती म्हणाली. "मी खेळात नाही, भाषणात नाही. अन् खाली सही तुमची. उद्या कोनी तुमाले विचारलं असतं तं तुमच्यावर आलं असतं."

माझा सगळा राग तिथेच गळाला. तीन वर्षं मी तिची जबाबदारी घेतल्याचा पगार घेत होतो आणि माझ्या सहीची काळजी ही पोरगी करत होती. मला लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

तिला बसायला सांगितलं. स्टाफरूमच्या खुर्चीवर ती अशी बसली की अर्धी खुर्ची रिकामीच राहिली. मग दुसऱ्या वर्षीचा तो प्रश्न कोणता होता, ते विचारलं. ती सांगू लागली. देऊळघाटला त्यांचं कपाशीचं वावर आहे. दरसाल त्यावर लाल्या येतो, म्हणजे पानं लाल पडून वाळतात.

"पन बांधाकडच्या दोन ओळी हिरव्याच राह्यतात सर. खत एकच, बियानं एकच. मंग तिथं काऊन येत नाही?"

मी तोंड उघडलं. मॅग्नेशियमची कमतरता, रात्रीची थंडी वगैरे पुस्तकातलं सगळं जिभेवर होतं, पण त्या दोन ओळींना त्यातलं काहीच लागू होईना. मला उत्तर माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षीही नसणार, म्हणूनच तर मी 'नंतर' म्हणालो होतो.

त्या दुपारी मी आयुष्यातलं पहिलं शिफारसपत्र लिहिलं. चार कागद फाडले. आधीचं पत्र मुलीनं लिहिलं होतं आणि मी न वाचता सही केली, त्यात माझ्याबद्दल आहे ते खरं आहे आणि तिच्याबद्दल आहे ते अपुरं आहे, असं लिहिलं. तो प्रश्न जसाच्या तसा उतरवला. पाकीट बंद करण्याआधी कागद तिच्या हातात दिला. तिनं तो दोनदा वाचला.

"सर, इथं हुशार लिहिलं तुमी."

"मग?"

"तुमाले कसं मालूम?"

तिनं हे मला टोचायला विचारलं नव्हतं. सहीखाली खोटं जाऊ नये, एवढंच तिला बघायचं होतं. मी म्हणालो, त्या प्रश्नावरून. तिनं थोडा विचार केला आणि कागद परत दिला, म्हणजे तो एकदाचा मंजूर झाला. मग मी मॅडमना फोन लावला आणि सहकाऱ्यांसमोरच सगळं कबूल केलं. या वेळी आवाज चढवला नाही. शुक्रवारच्या यादीत तिचं नाव शेवटून दुसरं होतं.

दिवाळीच्या सुटीत ती गावी आली तेव्हा मी मातीचे नमुने घ्यायला पिशव्या घेऊन देऊळघाटला गेलो. वावर लाल पडायला लागलं होतं आणि बांधाकडच्या दोन ओळी खरोखरच हिरव्या होत्या. मी बराच वेळ वाकून मुळं बघितली, माती चोळून बघितली, चष्मा काढून पुसला. तिचे वडील अदबीनं बाजूला उभे होते.

"मंग सर, काऊन होत असंल हे?" त्यांनी विचारलं.

मी सरळ उभा राहिलो. उत्तर अजूनही सापडलेलं नव्हतं. वर्गातली माझी शुद्ध भाषा नेमकी तेव्हा पळाली आणि मी म्हणालो, "मले नाही मालूम."

ती पिशवीवर नमुन्याचा नंबर टाकत होती. मान वर न करता म्हणाली, "नंतर सांगतो म्हना, सर."