शेवटच्या सहीखालची रेघ

सह्या घेतल्याशिवाय सभा झाली असं मला वाटतच नाही. ही माझी जुनी खोड. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या ऑफिसात सगळे तिची थट्टा करायचे. इथे मीटिंग म्हणजे कॉफी, लॅपटॉप आणि तास भरला की उठणं. कोण आलं, कोण नाही, याचं कुणाला काही पडलेलं नसतं. मी मात्र शेवटी एक कागद फिरवायचेच. नाव, गाव, सही. "आली हिची हजेरी," असं बॉस म्हणायचा, सगळे हसायचे आणि मीही दात काढायचे.

ही खोड गडचिरोलीतली. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी तिथे ग्रामसभांबरोबर काम केलं. जंगलाचं काय करायचं, बांबू कुणाला विकायचा, कंत्राटदाराशी काय बोलायचं हे गावाने बसून ठरवायचं, आणि आम्ही पुण्याहून गेलेल्या शहाण्यांनी कागदपत्रांना हातभार लावायचा, असं ते काम. तिथे एक गोष्ट मी पक्की शिकले. गाव बोलण्यात हरत नाही, कागदावर हरतं. कुणीतरी साहेब यायचा, चहा प्यायचा, कोऱ्या कागदावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचा. "काही नाही हो, नुसती हजेरी." महिन्याभराने बघावं तर त्याच अंगठ्यांच्या डोक्यावर ठराव उगवलेला, की गावाची कशालाच हरकत नाही. एकदा हे पाहून मी इतकी भडकले की हात आपटताना त्याच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास खाली गेला. मुद्दाम केलं नव्हतं, पण वाईटही वाटलं नाही.

तेव्हापासून गावोगाव माझं एकच तुणतुणं. वर विषय लिहिला नसेल तर सही करायची नाही. शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारायची, म्हणजे खाली कुणाला काही घुसडता येत नाही. बायका मला रेघवाली ताई म्हणायच्या. मला त्या नावाचा फार अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

मग नवऱ्याला ॲमस्टरडॅमला नोकरी लागली आणि आम्ही शेजारच्या डीमनला येऊन पडलो. तो आयटीतला, त्याचं सगळं सुरळीत. मी डच शिकत, मुलीला सायकलवरून शाळेत सोडत काही वर्षं काढली. मग युट्रेख्टच्या एका लहानशा सल्लागार कंपनीत मला काम मिळालं. मूलनिवासी समाजांचं स्वशासन, वाटाघाटी, आर्थिक विकास, असं आमच्या वेबसाइटवर झोकात लिहिलेलं होतं. मला वाटलं, चला, गडचिरोलीच परत मिळाली, फक्त थंडीतली. पुढे कळलं की आम्ही गावाच्या बाजूने टेबलाशी बसतो आणि आमचं बिल टेबलापलीकडची कंपनी भरते. बॉसला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गावाला कुठे परवडणार?" मी मान हलवून जागेवर येऊन बसले. तिथेच बोलायला हवं होतं.

सुरीनाम हा दक्षिण अमेरिकेतला देश. तो डचांच्या ताब्यात होता, त्यामुळे तिथल्या आदिवासी गावांतही डच बोलतात. तिथल्या एका गावाचं प्रकरण माझ्याकडे आलं. गाव ओढ्याकाठी. ओढा उगम पावतो त्या टेकडीवर दगडाची खाण काढायची एका डच कंपनीची इच्छा होती. गाव तेच पाणी पितं, त्याच पाण्यात कसावा धुतं, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद. गावाची संमती मिळाल्याखेरीज खाणीला परवानगी मिळणार नव्हती. म्हणून बोलणी, आणि ती युट्रेख्टमध्ये.

गावाच्या प्रमुखाला तिथे कॅप्टन म्हणतात. ही कॅप्टन साठीची बाई होती, बुटकी, जाड भिंगाचा चष्मा लावणारी. सोबत गावातले दोघे होते, ते हॉटेलात राहिले. हिला मात्र तिथली न उघडणारी खिडकी बघून घुसमटायला झालं, म्हणून मी तिला घरी घेऊन आले. तीन दिवस होती. तिथल्या रिवाजाप्रमाणे मी तिला तांते म्हणायचे, म्हणजे मावशीच. माझ्या मुलीची आणि तिची तर अशी गट्टी जमली की बघत राहावं. मुलीला मराठी समजतं, पण उत्तर डचमध्ये. मी जिथे अडखळायचे तिथे ती मध्ये पडून माझं डच सुधारून द्यायची, आणि दोघी मला हसायच्या.

मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी जेवताना तांतेने त्यांच्या गावचा नियम सांगितला. कॅप्टन बाहेर जाऊन फक्त ऐकते. उत्तर बाहेर देत नाही. परत येऊन सगळ्यांना सांगते, मग म्हातारी माणसं, बायका, पोरंसोरं, ज्याला बोलायचं तो बोलतो. दिवस लागोत की महिना, उत्तर तिथेच निघतं. "बाहेर उत्तर देऊन आलेली कॅप्टन मग कॅप्टन राहत नाही," ती म्हणाली. "माझ्या मामाचं तसं झालं होतं. मरेपर्यंत त्याला कुणी काही विचारलं नाही."

मला चेव आला. मी तिला गडचिरोलीच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, साहेब, कोरा कागद, अंगठे, उगवलेला ठराव. मुलीच्या वहीतलं पान घेऊन रेघ कशी मारायची तेसुद्धा दाखवलं. तांते पोट धरून हसली. म्हणाली, "आमच्याकडेही असले येतात गं. बरं झालं, उद्या तू आमच्या बाजूला आहेस."

दुसऱ्या दिवशी माझी चतुर्थी होती. सकाळी साबुदाण्याची खिचडी केली. हा तुमचाच कसावा, म्हटल्यावर तिने एक दाणा बोटावर घेऊन उजेडात धरला. "एवढं दळून, वाळवून शेवटी गोळ्या?" असं म्हणून तिने दोनदा वाढून घेतली. त्या गडबडीत उशीर झाला आणि ट्रेन चुकली. ऑफिसात पोचल्यावर प्रिंटरवर नुसता तक्ता काढला. वर विषय लिहायचा राहिला. राहिला म्हणजे काय, डोक्यात आला होता. पण वाटलं, इथे काय गरज? हा युरोप आहे, इथली माणसं असलं काही करत नाहीत. आयुष्यभर आपल्याकडच्या साहेबांवर जळफळाट केला आणि गोऱ्या माणसांचा लॅपटॉप बघितला की माझा जीव असा निर्धास्त झाला. कप्पाळ माझं!

मीटिंग चांगली झाली. खाणवाले नम्र होते, त्यांची वकीलबाई तर तांतेच्या खुर्चीमागे उशी ठेवून गेली. तांते स्पष्ट बोलली, "मी ऐकायला आले आहे. उत्तर माझ्याजवळ नाही. ते गावात आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ते वाक्य शब्द न् शब्द लिहून घेतलं. शेवटी कागद फिरवला. तांतेने पेन उचललं आणि थांबली. कागदाच्या वरच्या भागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वर काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"अहो तांते, काही नाही, नुसती हजेरी."

ती हसली आणि तिने सही केली. तिची बघून त्या दोघांनीही केली. खाली वीतभर जागा मोकळी होती. मी कागद फाईलमध्ये सरकवला. रेघ मारली नाही.

खाणीच्या परवान्यासाठी जाणाऱ्या अहवालाचा अंतिम मसुदा माझ्याकडे आला तेव्हा त्यात तांतेचं वाक्य नव्हतं. हजेरीचा कागद मात्र मागे जोडला होता आणि सह्यांखालच्या मोकळ्या जागेत ओळ छापली होती, "वरील गावप्रतिनिधी चर्चेत सहभागी व सहमत". मी तशीच उठून बॉसकडे गेले. म्हटलं, ही हजेरी आहे. तो शांतपणे म्हणाला, की सहमत म्हणजे चर्चेच्या पद्धतीशी सहमत, बाकी काही नाही, वाचणाऱ्याला कळतं. मग कॉफी ओतता ओतता म्हणाला, "तुझं कायम होण्याचं बघतोय मी. उन्हाळ्यानंतर करून टाकू." त्याने धमकी दिली नाही. त्याला द्यावी लागली नाही, कारण मी थँक यू म्हणून बाहेर आले. डीमनचं भाड्याचं घर सोडून स्वतःचं घ्यायचं चाललं होतं, आणि बँकेला आम्हा दोघांच्या कायम नोकऱ्या हव्या होत्या. हे मी कारण म्हणून सांगत नाही. पण होतं हे असं.

इथला उन्हाळा संपता संपता एका गुरुवारी तांतेचा व्हॉइस मेसेज आला. मी कणीक मळत होते, हात भरलेले, म्हणून मुलीला स्पीकरवर लावायला सांगितलं. तांतेचा आवाज नेहमीचाच, सावकाश. टेकडीवर यंत्रं आली आहेत. कंपनीच्या माणसाने गावात सगळ्यांसमोर कागद दाखवला, त्यावर तिची सही आहे. लोक म्हणतात, तू बाहेर उत्तर देऊन आलीस. "मी सांगितलं, ती हजेरी होती. पण माझं मीच सांगून काय होणार? तू लिही, पोरी. कागद कसला होता ते लिही, सही कर आणि पाठव. रविवारी सभा आहे, त्याआधी."

मुलगी माझ्याकडे बघत होती. डचमध्ये म्हणाली, "सही कर असं तू सांगितलंस?"

मी म्हटलं, "तुला नाही कळायचं ते."

"पण सांगितलंस ना?"

मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, अभ्यासावरून काहीतरी. ती खोलीत निघून गेली.

कायम नोकरीच्या कागदावर सही मंगळवारी व्हायची होती. रविवार आधी येत होता. सगळं इतकं साधं होतं. आमच्याच अहवालाला जोडलेला कागद खोटा आहे असं लिहून मी शनिवारी पाठवलं असतं, तर मंगळवारी कुणी माझ्यापुढे पेन ठेवलं नसतं. मी स्वतःची समजूत घालत बसले. गावच्या सभा काय, लांबतातच. दिवस लागोत की महिना, तीच म्हणाली होती. दोन दिवसांनी काय बिघडतंय? शनिवारी मी घर पुसून काढलं, रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला गेले आणि आरतीत सगळ्यांच्या वर आवाज लावला. नवऱ्याने विचारलं, आज एवढी भक्ती? मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी सही झाली, बॉसने केक आणला. दुपारी त्याच ऑफिसात बसून मी तांतेला निवेदन लिहिलं. वर विषय लिहिला. हा कागद केवळ हजेरीचा होता, त्यावर तेव्हा सहमतीची कोणतीही ओळ नव्हती, सही करण्यास मीच सांगितले, कॅप्टनने कोणतेही उत्तर दिले नाही. सगळं खरं. सही केली, खाली रेघ मारली, स्कॅन करून पाठवलं. बॉसलाही प्रत दिली. मला वाटलं होतं, तो चिडेल, मला हाकलेल, निदान दार तरी आपटेल. तो वाचून म्हणाला, "प्रामाणिक आहेस, हे मला आवडतं. पण परवाना निघालाय. आपली फाईल बंद झाली."

दुसऱ्या दिवशी तांतेचं उत्तर आलं. मी मुलीला नेमकं तेव्हाच दुकानात पाठवलं आणि एकटीने ऐकलं. सभा रविवारीच झाली होती, आणि लांबली नव्हती. तिच्याकडे लिहिलेलं काही नव्हतं, कंपनीकडे होतं. आता दुसरा कॅप्टन आहे, तरुण आहे, चांगला आहे, असं तिने सांगितलं. टेकडी फोडताहेत, आवाज घरात येतो. आणि मग म्हणाली, "तुझा कागद मिळाला. वर विषय लिहिलायस, खाली रेघ मारलीयस. तू शिकवलं होतंस अगदी तसंच. त्या दिवशी मी पेन उचलून तुझ्याकडे बघितलं होतं, पोरी. तेव्हा का नाही मारलीस?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उलट काहीतरी बोलले असते, तेवढं मला जमतं. मेसेजला मी अजून उत्तर दिलेलं नाही. मुलगी अधूनमधून डचमध्ये विचारते, तांते कशी आहे. मी म्हणते, बरी आहे.

परवा ऑफिसात एका नव्या गावाची पहिली मीटिंग होती. संपली, सगळे लॅपटॉप मिटून उठायला लागले. मी कागद काढला नाही. बॉस दारातून वळून म्हणाला, "काय गं, आज हजेरी नाही?" सगळे हसले. मीही दात काढले.