पहिला कप वाघाचा

बंदुकीच्या दुकानात नोकरी केली म्हणलं की लोकायचे डोळे मोठे होतेत. "काय काय पाह्यलं असन ना भाऊ तुमी!" खरं सांगू? एवढ्या वर्षांत गोळी सुटलेली एकदा बी नाई पाह्यली. पाह्यली ती माणसं. अन् माणसायचे किस्से म्हणजे धान झोडताना कपड्यात अडकलेली कुसळं. किती बी झटका, घरी येईपर्यंत दोन-चार टोचत राह्यतेतच. दुकान बंद झालं, आता तिथी मोबाईलचे कव्हर भेटतेत, पण माह्यं झटकणं काई संपलं नाई.

चंद्रपुरात होतं आमचं दुकान. मालक बापूभाऊ. त्यायच्या वडिलानं सुरू केलेलं. मागच्या खोलीत दुरुस्तीले रहीमचाचा, अन् काउंटरवर मी. काउंटरवर म्हणजे काय, माह्यं अर्धं काम चहाचं! कारण बापूभाऊचा एक नेम होता. खिशात ठेवाचं पिस्तूल इकत घ्यायले जो कोणी येईन, त्याले पहिले बाकावर बसवाचं, चहा पाजाचा अन् इचाराचं, "कोणाले भेता?"

लायसन आहे, कागद बरोबर आहेत, ते सगळं नंतर. पहिले हे!

"पहिल्या कपात माणूस वाघाचं नाव सांगते," बापूभाऊ म्हणत. "दुसऱ्या कपात चोराचं. खरं नाव तिसऱ्या कपाले येते." अन् ते खरं नाव आलं की त्यायचा पुढचा सवाल ठरलेला, "मंग त्याले पिस्तूल काय करन?"

असं इचारणारा दुकानदार श्रीमंत कसा होईन, तुमीच सांगा!

गल्ल्यामागच्या काचेत एक चिमुकलं विलायती पिस्तूल होतं, तळहातात मावन एवढं. वडिलाच्या वेळचं. रोज सकाळी उदबत्ती फिरवताना बापूभाऊ देवाच्या फोटोले एक चक्कर मारत अन् पिस्तुलाले दोन. दुकान बंद कराचं ठरलं तेव्हा त्यायचा जीव तेवढ्यातच अडकला होता. बाकी माल जावो, बाक जावो, पण हे आपल्याजवळ राह्यलं पाह्यजे! त्याचं काय झालं ते सांगतोच, पण पहिले बाकीचे ऐका.

* * *

सावलीचे एक राइस मिलवाले आले होते. त्या वेळी खिशातलं पिस्तूल घ्याचं म्हणजे एखादा प्लॉट इकण्याची गोष्ट! पहिल्या कपाले म्हणे, "आमच्याकडं वाघ लय झाले बापूभाऊ." दुसऱ्या कपाले, "मिलवर चोऱ्या होऊन राह्यल्या." तिसऱ्या कपाले मात्र खाली पाहून म्हणे, "लहाना भाऊ आहे माह्या. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून भांडण आहे. नजर बरोबर नाई त्याची."

बापूभाऊनं माह्याकडं पाह्यलं, मी बापूभाऊकडं. कारण त्या लहान्या भावाले आठवड्याभराआधी त्याच बाकावर आमी तीन कप पाजले होते! अन् त्याच्या तिसऱ्या कपात कोण निघालं? हाच मोठा भाऊ!

बापूभाऊनं फोन करून लहान्याले बोलावून घेतलं. दोघं एकाच बाकाच्या दोन टोकाले बसले, मधात मी चहाचा ट्रे ठेवला. कोणी कोणाकडं पाह्येना. मंग बापूभाऊ म्हणे, "दोन-दोन घेऊन पैसा काऊन घालवता? एकच घ्या. सोमवार-मंगळवार तुमी भ्या, बुधवार-गुरुवार हे भेतीन!"

लहाना फिस्सकन हसला. मोठ्याच्या नाकातून चहा आला. पिस्तूल कोणीच नेलं नाई. आमचा धंदा बुडाला, पण त्या सालापासून नव्या तांदळाच्या दोन थैल्या दुकानात येत, एक मोठ्याकडून, एक लहान्याकडून. धुऱ्याचं भांडण अजून चालू आहे म्हणा!

* * *

गोंडपिपरीच्या एका ठेकेदारानं मात्र तिन्ही कपात वाघच सांगितला. बापूभाऊ समजले, याले भीती नाई, हौस आहे. इकलं. जाताना मी कायदा सांगितला, "भाऊ, बाहेर दाखवत फिराचं नाई. झाकून ठेवाचं."

महिन्याभरानं गडी परत आला. तोंड पार उतरलेलं.

"काऊन भाऊ, बिघडलं का?"

"बिघडलं नाई जी. पण एवढा पैसा घातला अन् कोणाले दिसतच नाई!"

मंग त्यानं आपला उपाय काढला. लग्नाच्या पंगतीत बसताबसता जोरात "आई गं!" कराचं अन् एका अंगावर कलून बसाचं. बाजूचा इचारे, "काय झालं हो?" की हा हळूच म्हणे, "काई नाई, बसताना टोचते थोडं." बस! भात वाढेपर्यंत पिस्तुलाची खबर पंगतभर.

एका लग्नात बाजूले नेमका डॉक्टर निघाला. त्या भल्या माणसानं खणखणीत आवाजात, पुऱ्या पंगतीसमोर सांगितलं, "हे पाहा, मूळव्याध अशी अंगावर काढू नका!"

* * *

रहीमचाचाचे लाडके गिऱ्हाईक म्हणजे पोंभुर्ण्याकडचे चैतूबाबा. त्यायच्याजवळ जुनी ठासणीची बंदूक, पिकाच्या राखणीची. इलेक्शन आलं की सगळ्यायच्या बंदुका ठाण्यात जमा होतेत. बाकीचे लोक जमा करून मोकळे. चैतूबाबा मात्र दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात हजर, संगं तेलाची बाटली अन् चिंधी!

हवालदार वैतागला. "काय आहे बाबा, घडीघडी काऊन येता?"

चैतूबाबा नळी पुसता पुसता म्हणे, "पोरगी सासरी देली तर आपण पाह्यले जात नाई का?"

पुढच्या इलेक्शनले बाबा फाटकातून आत आले की हवालदारच खुर्ची सरकवे, "या व्याही, बसा!"

याच चैतूबाबाच्या हातात चाचानं एकदा नवं खिशातलं पिस्तूल ठेवलं. बाबानं उलटंपालटं करून पाह्यलं, वास घेतला अन् इचारलं, "पण हे डुकराले दिसन का?"

चाचा खुर्चीतून पडाचे राह्यले. "बाबा, मेरे मुँह की बात छीन ली तुमने! ये बंदूक है कि चाबी का छल्ला!" ते हसणं आता कुठी ऐकाले भेटन? चाचा गेले अन् मागची खोली ओसाड झाली. कानशीचा आवाज नाई तर दुकान दुकान वाटेना.

* * *

मंग भाव पडायले लागले. पहिले सरकारी कारखान्याचाच माल, नंबर लावून वाट पाहाची. खाजगी कंपन्या उतरल्या अन् प्लॉटच्या भावाचं पिस्तूल बऱ्या मोटारसायकलच्या भावावर आलं. लोक मोबाईलवर दुसऱ्या गावचा भाव दाखवून बापूभाऊसंगं कोथिंबिरीसारखी घासाघीस करत. "एकावर एक काई स्कीम आहे का?" असं इचारणारा महाभाग बी आमी पाह्यला!

काचेतल्या त्या विलायती पिस्तुलासाठी एके काळी लोक शेत लिहून द्यायले तयार होते. आता कोणी तिकडं मान वळवेना. मले वाईट वाटे. बापूभाऊले नाई. "बरंच झालं," ते म्हणत, "आता याच्यावर कोणाचा डोळा नाई. माह्यंच राह्यते."

त्याच दिवसातले मूलचे एक रिटायर गुरुजी. लायसन मंजूर, तीन कप कधीच पिऊन झालेले. भीती शेजारच्या वामनरावची. भांडण आंब्याचं. झाड वामनरावचं, फांदी गुरुजीच्या आंगणात! बापूभाऊनं लय समजावलं, पण गुरुजी हट्टाले पेटलेले. फक्त भावावर अडले. दर महिन्याले एस्टीनं येत, भाव इचारत अन् मान हालवत, "अजून उतरन. थांबतो." लायसनवरची खरेदीची मुदत वाढवून आणत अन् परत थांबत. भाव खाली खाली, गुरुजी थांबून थांबून!

एक दिवस आले. बाकावर बसले. "आज कितीले आहे?"

बापूभाऊनं सांगितलं. गुरुजीनं जो आकडा मनात धरला होता, बरोबर तोच! मी डबा काढून समोर ठेवला. गुरुजी डब्याकडं पाह्यत राह्यले अन् एकदम ढसाढसा रडायले लागले.

"परवा वामनराव गेला हो! सवयीनं एस्टीत बसलो मी. आता भांडू कोणासंगं?"

मले बी रडू आलं. खोटं काऊन बोलू? डबा परत ठेवला अन् चहा टाकला.

* * *

शेवटी बापूभाऊचे गुडघे गेले. पोरगा पुण्यात, त्याले या धंद्यात रस नाई. शटर ओढाचं ठरलं. पण ते पिस्तूल घरी ठेवाचं तर बापूभाऊले स्वतःच्या नावाचं लायसन पाह्यजे, दुकानाचं चालत नाई. जिंदगीभर बंदुका इकल्या, स्वतःच्या नावाची एक बी नाई! अर्ज टाकला. चौकशीले ठाण्यात बोलावलं. मी संगं गेलो. ऑटोत बसून पुऱ्या रस्त्यानं पढवत गेलो, "वाघ म्हणा भाऊ. शेत जंगलाले लागून आहे, कोणी नाई म्हणणार नाई. बाकी एक शब्द बोलू नका!"

ठाण्याच्या इन्स्पेक्टर मॅडम नवीन आल्या होत्या, साताऱ्याकडच्या, बोलाले लय गोड. कागद पाह्यले, पेन उघडला.

"काका, तुम्हाला भीती कोणाची वाटते?"

बापूभाऊनं माह्याकडं पाह्यलं. हा सवाल त्यायले कोणी पहिल्यांदाच इचारला होता.

"वाघाची," ते म्हणे.

मॅडमनं लिहून घेतलं. झालं काम! मी उठलोच. तर मॅडम म्हणतेत, "बसा हो, एवढ्या उन्हात आलात. चहा घ्या."

मी घाईघाईनं मधात पडलो. "नको नको मॅडम, यायले चहा चालत नाई!"

"कोण म्हणते?" बापूभाऊ माह्यावरच गरम झाले.

पहिला कप झाला. मॅडमनं दुकानाचं इचारलं अन् बापूभाऊ सुरू! सावलीचे भाऊ झाले, मूळव्याध झाली, व्याही झाले. मॅडम हसून हसून डोळे पुसून राह्यल्या. तेवढ्यात दुसरा कप आला.

"चोराची बी भीती आहे थोडी," बापूभाऊ म्हणे. मॅडमनं ते बी लिहिलं. मी टेबलाखालून त्यायचा पाय दाबला. "चला भाऊ, बस जाईन आपली."

"कोणती बस? ऑटोनं आलो ना आपण!"

तिसरा कप आला. मी डोळे मिटले.

बापूभाऊनं एक घोट घेतला अन् कप खाली ठेवला. "बाई, ते खोडा. वाघाचं बी अन् चोराचं बी. मी कोणाले भेत नाई. सोमवारी दुकानाचं शटर शेवटचं खाली येते. माह्या बापानं वर केलेलं शटर आहे ते. त्या आवाजाले भेतो मी. बाकी काई नाई."

मॅडमनं पेन बाजूले ठेवला. मंग अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"पण काका, मग त्याला पिस्तूल काय करणार?"

संपलं! बापूभाऊकडं पाह्याची माह्यी हिंमत होईना. भीत भीत पाह्यलं, तर बापूभाऊ हसून राह्यले होते! दुकान बंद कराचं ठरल्यापासून मी त्यायले असं हसताना पाह्यलं नव्हतं. त्यायनं टेबलावरचा अर्ज आपल्याकडं ओढला, घडी केली, खिशात टाकला. म्हणजे पिस्तूल बी आता बाकी मालासंगंच जाणार. अन् उठता उठता म्हणे,

"बाई, दुकान सोमवारपर्यंत उघडं आहे. माह्या गादीवर येऊन बसा!"