पूर्वेच्या भिंतीपलीकडच्या अक्का

घर थंड राहावं म्हणून भिंतीत घालायचं सामान मी नेमकं त्या भिंतीत घातलं, जिच्यावर ऊन कधी पडणारच नव्हतं. असा पराक्रम अख्ख्या चिखलीत माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी केल्याचं ऐकिवात नाही. बरं, अडाणीपणाने झालं म्हणावं तर तसंही नाही. चांगला आठवडाभर विचार करून, अगदी हुशारीने केलं. त्या वयात मला हुशारीचा भारी सोस होता. बारावी पास होते ना!

या हुशारीचं कारण होतं अक्कांचा आवाज. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर मावळातलं, बांधा किरकोळ, पण आवाज असा की मागच्या वर्कशॉपमधला ऑपरेटर प्रेस थांबवून बाहेर यायचा, आपल्याला कुणी हाक मारली म्हणून. आमचे हे म्हणायचे, "वहिनी चाकणच्या बहिणीला फोन लावतात तो फोनचा मान राखायला. एरवी गरज नाही." अक्कांना कुणी हळू बोला म्हटलं, की त्या तेवढ्याच पट्टीत विचारायच्या, "का? चोरी केलीया व्हय आपन?"

तेव्हा आम्ही दोघी जावा एकाच जागेत शेजारी शेजारी राहत होतो. त्यांचं घर पक्कं, आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या. एकदा पिंपळे सौदागरच्या सोसायटीतल्या माझ्या भिशीच्या मैत्रिणी आल्या. मी दुकानातून आणलेला ढोकळा घरचा म्हणून पुढे ठेवला, वर खोबरं भुरभुरलं, आणि "पीठ रात्रीच भिजवलं होतं" वगैरे पाककृती सांगायला लागले. तेवढ्यात शेजारून गर्जना झाली, "अगं, ढोकळा गावला का गं दुकानात? का संपला हुता?" मैत्रिणींनी चमचे खाली ठेवले. मी त्याच दिवशी ठरवलं, नवीन घर बांधेन तर या बाईच्या आणि माझ्यामध्ये काहीतरी जाडजूड घालेन.

पुढे पत्रे काढून पक्कं घर बांधायला घेतलं, तेव्हा ह्यांनी कंपनीच्या भंगारातून थर्मोकोलचे जाड जाड तक्ते आणले. परदेशी मशीनच्या खोक्यातले. दोन भिंती उभ्या करायच्या, मध्ये थर्मोकोल घालायचा, म्हणजे ऊन आत येत नाही. पण माल एकाच भिंतीपुरता. कोणती भिंत, हा प्रश्न खरं तर प्रश्नच नव्हता. आमची पश्चिम बाजू उघडी, पुढे मोकळं मैदान, दुपारपासून ऊन थेट अंगावर. पूर्वेला अक्कांचं घर भिंतीला भिंत लावून. गवंडी पश्चिमेच्या भिंतीशी दोरी घेऊन उभासुद्धा राहिला होता.

मी म्हणाले, "पूर्वेला घाला."

"पूर्वेला?" हे माझ्याकडे बघतच राहिले. "तिकडे वहिनींचं घर आहे. ऊन येणार कुठून?"

"उन्हाचं नाही. त्यांची चूल तिकडूनच भिंतीला लागून आहे. धग येते."

अक्का तिथेच वाळूच्या ढिगावर बसल्या होत्या. माझ्याकडे एकदा नीट पाहून म्हणाल्या, "घालू द्या तिला. माझ्या चुलीचा तरास नको."

घर झालं. वास्तुशांतीच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे मी दचकून उठले. "दूध आलंऽऽ!" आवाज थर्मोकोलला मुळी भेटायलाच गेला नव्हता. तो खिडकीतून, मोरीच्या भोकातून, गच्चीवरून, जिथून वाट मिळेल तिथून येत होता.

आणि मग उन्हाळा आला. पश्चिमेची भिंत अशी तापायची की तिला लागून ठेवलेल्या कपाटातल्या साड्या इस्त्री केल्यासारख्या गरम निघायच्या. फळीवरचं तूप मार्चपासून जे पातळ झालं ते जूनपर्यंत गोठलं नाही. दुपारी लाइट गेली की मी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायचे. पलीकडून हाक यायची, "इकडं ये गं पडायला!" मी ओरडून सांगायचे, "नको अक्का, आमच्याकडे मस्त गार आहे!" त्यांच्याकडे खरंच गार होतं. आमच्या बुटक्या पत्र्यांवरून त्यांच्या भिंतीवर आधी पडणारं ऊन आता माझ्या उंच घराने अडवलं होतं. वर थर्मोकोलही माझाच!

शेवटी एका दुपारी अक्का ताकाचा तांब्या घेऊन स्वतःच आल्या. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "हितं पापडावानी भाजाया ठेवलंस का स्वतःला?" म्हणाल्या, आणि माझ्या मनगटाला धरून घेऊन गेल्या. तेव्हापासून रोज दुपारी मी त्यांच्याकडे.

तिथे एक नवल कळलं. त्या बाईला हळू बोलता येत होतं! मी झोपले आहे असं समजून फाटकाशी जाऊन भाजीवाल्याशी कुजबुजत घासाघीस करायच्या. माझ्याशी बोलतानाही आवाज खाली, मऊ.

एकदा थोरले भाऊजी पहिल्या शिफ्टहून आले. आयुष्य भोसरीत प्रेस मशीनच्या दणदणाटात गेलेला माणूस. अक्का माझ्याशी हळू बोलत होत्या, त्या एकदम गरजल्या, "जेवान वाढू का?" भाऊजी चपला काढत राहिले. अक्का त्यांच्यासमोर जाऊन पुन्हा गरजल्या. तेव्हा ते हसले, "वाढ की. केवढ्यानं वरडतीस!"

ते आत गेल्यावर मी विचारलं, "अक्का, भाऊजींना ऐकू येत नाही?"

त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. "बोलू नकोस कुठं. कंपनीत कळलं तर मशीनवरनं काढून गेटावर बसवतील. आन त्यांचं त्यांनाबी उमगलं न्हाई अजून. मी एकट्या त्यांच्याशी मोठ्यानं बोलले तर समद्यांना कळंल. म्हनून समद्या गावाशीच तशी बोलते."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले, आणि मला एवढंच कळलं होतं की बाई फार ओरडते. भाऊजी पुढे मानाने, सत्कार घेऊन रिटायर झाले. त्या सत्काराची भाषणं त्यांना अक्कांनीच घरी येऊन पुन्हा सांगितली, अख्ख्या गल्लीला ऐकू जातील अशी. आता दोघंही नाहीत. दुपारी वर्कशॉपचा प्रेस थांबला की मला उगाच वाटतं, कुणीतरी हाक मारली.

पण त्या दुपारी मला गप्प बसवेना. अक्का तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "अक्का, ती भिंत चुलीच्या धगीसाठी नव्हती हो. तुमच्या आवाजासाठी घातली होती."

त्यांनी एक खडा काढून दाराबाहेर टाकला. माझ्याकडे बघितलंही नाही. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मला काय कळलं न्हाई व्हय? पर बरंच केलंस बाई. मावळतीला घातलं असतंस, तर दुपारची माझ्याकडं कशाला आली असतीस? हळू बोलाया ह्या घरात मला दुसरं हाय कोन?"